मुंबई बेटाचा भाडेकरू आणि त्याचे कुटुंब

1661 च्या तहात पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली, हे वाक्य आपण सर्वांनी शाळेत पाठ केले आहे. पण त्याआधी शंभर वर्षे हे बेट एका वैद्याकडे भाडेपट्ट्याने होते, हे आपल्या पुस्तकात नव्हते. त्याचे नाव गार्सिया द ऑर्ता. कोपरीच्या बाजूने जी खाडी मुंबई बंदराकडे उतरते, तिच्या मुखाशी त्याची वाडी होती. म्हणून या स्मरणिकेसाठी हा विषय घेतला.

ऑर्ता 1534 मध्ये मार्तिम अफोंसो द सोझा या दर्यासारंगाबरोबर गोव्याला आला. त्याच वर्षी गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याबरोबर साष्टी व मुंबई पोर्तुगीजांना दिली. आपले ठाणेही त्यातच गेले. ऑर्ता तेव्हा तिशी ओलांडलेला होता. लिस्बनच्या विद्यापीठातली अध्यापकाची नोकरी सोडून एवढ्या दूर यायचे कारण काय? त्याचे आईवडील स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू होते. 1497 मध्ये पोर्तुगालने ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती केले. अशा ‘नवख्रिस्ती’ घरांवर कायम संशयाची नजर असे. समुद्रापलीकडे ती नजर पोहोचणार नाही, असे त्याला वाटले असावे.

गोव्यात त्याचा जम बसला. गव्हर्नरांना तो औषध देई, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारातही त्याचे जाणेयेणे असे. एका सधन व्यापाऱ्याच्या ब्रियांदा द सोलिस या मुलीशी त्याचे लग्न झाले, त्यांना दोन मुली झाल्या. मायदेशी राहिलेल्या त्याच्या दोन बहिणींना 1547 मध्ये लिस्बनला इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मन्यायालयाने, अटक केली. सुटल्यावर आई आणि बहिणी गोव्याला त्याच्या आश्रयाला आल्या.

1554 च्या सुमारास मुंबई बेट त्याला पट्ट्याने मिळाले. राहायला तो गोव्यातच. बेटावर त्याचे कूळ होते, सिमाव तोस्कानो नावाचे. हे नाव आपल्याला कळते ते ऑर्ताच्याच ग्रंथातून. 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या या संवादरूप ग्रंथात औषधी, मसाले, फळे यांची चर्चा आहे. आंब्याची चर्चा चालू असताना नोकर सांगत येतो, की मुंबईचे कूळ गव्हर्नरसाहेबांना भेट द्यायला आंब्यांची टोपली घेऊन आले आहे. मुंबईतल्या आपल्या एका झाडाला वर्षातून दोनदा आंबे येतात, हेही ऑर्ता कौतुकाने सांगतो.

मला हा ग्रंथ आवडतो तो त्यात डोकावणाऱ्या आपल्या माणसांमुळे. वसई प्रांतातले कुणबी, माळी, परभू, पारशी त्यात आहेत. पटकीच्या वर्णनात त्याने दिलेले इथले नाव म्हणजे आपल्या आजीची ‘मोडशी’. सहलीला आपण ज्या घारापुरीला जायचो, त्या लेण्यांबद्दलही त्याने लिहिले आहे. पाहण्याजोगी जागा होती, आता तिथे गुरे शिरतात, अशी त्याची हळहळ आहे. ग्रीक आणि अरब पंडितांचे चुकले असेल तिथे तो बेधडक सांगतो. फक्त स्वतःच्या घराच्या धर्माबद्दल अक्षर नाही. कसे असणार? 1560 मध्ये धर्मन्यायालय गोव्यातच येऊन बसले होते.

ऑर्ता 1568 मध्ये वारला. त्याच्या हयातीत अधिकाऱ्यांशी असलेले संबंध घराला ढाल झाले असावेत, कारण पुढच्याच वर्षी, 1569 मध्ये, बहीण कातारीनाला गोव्यात जिवंत जाळण्यात आले. तिच्या जबानीतून भाऊही गुप्तपणे ज्यू धर्म पाळत असल्याचे नोंदले गेले. 1580 मध्ये ऑर्ताची हाडे उकरून काढून जाळली. ग्रंथ मात्र तोवर त्यांच्या हाताबाहेर गेला होता. क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिन संक्षेप 1567 मध्येच काढला होता आणि युरोपभर तो वाचला जात होता. आज पणजीच्या मध्यवस्तीतल्या बागेला ऑर्ताचे नाव आहे. कातारीनाच्या नावाचे काही असल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

बेट पुढे इतरांकडे गेले. फेब्रुवारी 1665 मध्ये मुंबईचा ताबा इंग्रजांना देण्याची कागदपत्रे झाली ती इनेझ द मिरांडा या विधवा जमीनमालकिणीच्या घरात. ऑर्ताची म्हणून ओळखली जाणारी वास्तू ती हीच. इंग्रजांनी तिच्याभोवती किल्ला बांधला. एशियाटिकच्या मागे, आयएनएस आंग्रे या नौदलाच्या आवारात तिची जुनी पोर्तुगीज वेस अजून उभी आहे. आत जायला परवानगी लागते. आपल्यापैकी कोणी नौदलात असेल, तर पुढच्या संमेलनाच्या आधी तेवढे बघावे.