रेवदंड्याच्या वाटेवर पाथरीचा दाखला

पालमहून समुद्र फार लांब, आणि आमची गोदावरी वाहते तीही पूर्वेकडे. तरीही रेवदंड्याचा जुना कोट पायी पाहायला निघालेल्या परभणीकराने आपल्याच जिल्ह्यातल्या पाथरीचा एक दाखला सोबत ठेवावा.

तो दाखला फारसी इतिहासकार फिरिश्त्याचा आहे. अहमदनगरच्या निजामशहांचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी, असे तो लिहितो. बुऱ्हाण निजामशहाचा आजा मूळचा ब्राह्मण. विजयनगरच्या मुलखात तो बहमनी फौजेच्या हाती लागला आणि मलिक हसन झाला. ही वंशकथा दरबारात ऐकलेली, म्हणून ती जपूनच घ्यावी. पण पाथरीच्या या कुलकर्णी वतनावर हक्क सांगत बुऱ्हाणाच्या राज्याने १५१८ मध्ये वऱ्हाडच्या इमादशहाकडून पाथरी घेतली, ही त्याची नोंद बाजूला सारता येत नाही. याच बुऱ्हाणाकडून १५२१ मध्ये पोर्तुगीजांनी चौलच्या खाडीवर कोट बांधायची परवानगी मिळवली; तोच हा रेवदंड्याचा कोट. बदल्यात त्याला घोडे हवे होते.

घोडा हाच या वाटेवरचा खरा वाटाड्या आहे. घाटावरच्या राजवटी घोडदळावर उभ्या होत्या आणि चांगले घोडे होर्मुझहून गलबतांनी येत. रशियातल्या त्वेरचा व्यापारी अफनासी निकितीन १४६९ च्या सुमारास चौलला उतरला, तोही विकायला एक घोडा घेऊन. इथली माणसे उघड्या अंगाने वावरतात, आपला गोरा रंग पाहून मागे मागे येतात, असे त्याने टिपून ठेवले आहे. पुढे जुन्नरच्या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देईन, अशी अट घातली. एका खुरासाणी सरदाराने रदबदली केली तेव्हा घोडा सुटला. बंदर आणि घाटमाथा किती घट्ट बांधलेले होते, हे या एका तक्रारीतून जितके कळते तितके मोठ्या ग्रंथांतूनही कळत नाही. निकितीनचे स्मारक आता रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात आहे.

तिथून नारळी-पोफळीच्या वाड्यांतून तटाकडे चालत जावे. इथे दोन साक्षी समोरासमोर येतात. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने या कोटाला वेढा घातला. त्याच वेळी विजापूरचा आदिलशहा पोर्तुगीजांच्या गोव्यावर चालून गेला होता. पोर्तुगीज इतिहासकार हा वेढा शौर्यकथा म्हणून सांगतात. फिरिश्ता म्हणतो, अहमदनगरच्या सरदारांनी नजराणे आणि त्यातही दारू स्वीकारली आणि रात्री रसद आत जाऊ दिली. फिरिश्ता पुढे विजापूरच्या आश्रयाला गेला, म्हणून अहमदनगरची अब्रू राखण्याचे ओझे त्याच्यावर नव्हते. पण शेजाऱ्याची नालस्ती करायला तो मोकळाही होता. मला दोन्ही साक्षी अपुऱ्या वाटतात. तटावरून पाहा: पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला कुंडलिकेची खाडी. ज्याच्याकडे आरमार नाही त्याने जमिनीकडून कितीही तोफा लावल्या तरी ही वस्ती उपाशी पडणार नव्हती. सरदार फितूर झाले असतील, शिबंदीही शर्थीने लढली असेल. पण निकाल मुख्यतः पाण्याने लावला, असे माझे मत आहे.

सातखणी मनोऱ्यापाशी थोडे थांबावे. पुढची वाट खाडीपलीकडे कोर्लईला जाते. तिथला डोंगरी किल्ला पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून जिंकला. मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतल्यावर, १७४० च्या तहाने चौल आणि कोर्लई दोन्ही मराठ्यांकडे आली. अंमल गेला, पण कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजमिश्रित बोली अजून घरोघर बोलली जाते. फिरिश्त्याच्या किंवा पोर्तुगीजांच्या ग्रंथांत सरदार आहेत, कप्तान आहेत. तटाच्या आत संसार केलेल्या सामान्य बायामाणसांची साक्ष मात्र याच बोलीत शोधावी लागते.