लंडनची अंत्ययात्रेची आगगाडी

आपल्या खेड्यांत स्मशान गावाबाहेर नदीकाठी, थोड्याच अंतरावर असते. चार खांदेकरी मिळाले की अंत्ययात्रा निघते. महानगरात मात्र हे अंतर वाढत जाते आणि वाहनाचा प्रश्न उभा राहतो. ह्या प्रश्नाला लंडन शहराने एकोणिसाव्या शतकात दिलेले उत्तर मोठे उद्बोधक आहे.

१८०१ साली लंडनची वस्ती सुमारे १० लाख होती. १८५१ पर्यंत ती २३ लाखांवर गेली. चर्चच्या आवारांतील दफनभूमी भरून गेल्या व जुनी थडगी उकरून त्यांत नवी प्रेते पुरण्याची पाळी आली. त्यांतच १८४८-४९ च्या पटकीने शहरात १४ हजारांहून अधिक बळी घेतले. अखेर १८५२ साली पार्लमेंटाने एका कंपनीस शहरापासून सुमारे २५ मैलांवर, सरे परगण्यातील ब्रुकवुड येथे विस्तीर्ण दफनभूमी करण्याची अनुज्ञा दिली. एवढ्या लांब घोड्यांच्या गाडीतून शव नेणे दुष्कर. म्हणून वॉटर्लूजवळ खास स्थानक बांधून तेथून आगगाडी सुरू झाली.

१३ नोव्हेंबर १८५४ रोजी पहिली गाडी निघाली. त्या भूमीत प्रथम विसावली ती एका निर्धन दांपत्याची मृतावस्थेत जन्मलेली जुळी बालके. गाडीत जिवंतांप्रमाणे मृतांचेही तीन वर्ग होते. पहिल्या वर्गाच्या शवपेटिकेस एक पौंड, तर तिसऱ्यास अडीच शिलिंग भाडे पडे. आप्तांचे तिसऱ्या वर्गाचे परतीचे तिकीट दोन शिलिंगांचे होते, आणि उतारूंचे हे दर सुमारे ८५ वर्षे बदलले नाहीत. वर्गभेद डब्यांत राहिला खरा. पण ब्रुकवुडला निर्धनासही सामाईक खड्ड्याऐवजी स्वतंत्र थडगे मिळे. शहरात त्याला हे भाग्य क्वचितच लाभले असते.

ह्या भूमीशी मुंबईचाही संबंध आहे. तेथील पारशी विभागात जमशेटजी टाटा (मृत्यू १९०४) व त्यांचे पुत्र दोराबजी (मृत्यू १९३२) चिरविश्रांती घेत आहेत.

कंपनीच्या अपेक्षेइतकी गर्दी मात्र कधीच झाली नाही. पुढे मोटारी आल्या आणि गाड्यांची संख्या रोडावली. १६ एप्रिल १९४१ च्या रात्री जर्मन बाँबहल्ल्यात लंडनचे ते स्थानक उद्ध्वस्त झाले. युद्धानंतर ही गाडी पुन्हा सुरू झाली नाही.

परंतु इतिहास येथे संपत नाही. १८६४ साली त्या दफनभूमीलगत सर्वसामान्य उतारूंसाठी ब्रुकवुड स्थानक उघडले होते. ते आजही चालू आहे. लंडनहून गाडीने यावे, स्थानकातून थोडे चालावे व आपल्या माणसाच्या थडग्यावर फुले वाहावीत, ही सोय आज दीडशेहून अधिक वर्षे अखंड आहे.

ह्यात विचार करण्याजोगी एक गोष्ट आहे. मृताला तो प्रवास एकदाच करावयाचा असतो. जिवंतांना तो पुन्हा पुन्हा करावा लागतो. अंत्ययात्रेपुरती योजलेली खास गाडी काळाच्या उदरात गडप झाली. नित्याची साधी गाडी टिकली. वाढत्या शहरांत स्मशाने व दफनभूमी दूर जाणे अपरिहार्य आहे. तेथवर शव कसे न्यावे, ह्याची चिंता आपण वाहतो. पण मागे राहिलेल्या वृद्ध मातेने किंवा विधवेने अल्प खर्चात तेथे कसे जावे, ह्याचा विचार क्वचितच होतो. तो करणे हे प्रत्येक समाजाचे व नगराचे कर्तव्य होय.