डिरेक्टरी ग्रुप-शोध टूल

डिरेक्टरी ग्रुप-शोध टूल : संस्थेच्या नेटवर्कमधला कोणता वापरकर्ता कोणत्या ग्रुपमध्ये आहे आणि त्यामुळे त्याचा हात कुठवर पोहोचतो, हे डिरेक्टरीला, म्हणजे वापरकर्ते आणि ग्रुप यांच्या नोंदी ठेवणाऱ्या सेवेला, विचारून सांगणारा छोटा प्रोग्राम. पूर्वी हा प्रश्न सिस्टीम ॲडमिन स्वतः कमांड टाइप करून विचारत असे. आता सुरक्षेच्या तपासाला जोडलेले एआय मॉडेलही तो विचारते. ॲडमिनच्या डोक्यात डिरेक्टरीच्या खाचाखोचा अनुभवाने भरलेल्या असतात. मॉडेलला मात्र टूलबद्दल दिसते ते त्याचे नाव, वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या रूपात पुरवायची याचा आराखडा. त्यामुळे वर्णनात सुटलेली गोष्ट मॉडेल अंदाजाने भरते, आणि तपासात तो अंदाज महागात पडू शकतो.

पूर्वपीठिका : डिरेक्टरीचे एक्स.५०० हे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ मध्ये आले. ते वापरायला अवजड होते. तिथवर पोचण्याची हलकी वाट म्हणून एलडॅप हा प्रोटोकॉल पुढे आला. मिशिगन विद्यापीठातील टिम हाउज हे त्याच्या कर्त्यांपैकी एक, आणि त्याचा पहिला आरएफसी (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी एक) १९९३ चा. मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० बरोबर ॲक्टिव्ह डिरेक्टरी आणली आणि तिलाही एलडॅपचीच भाषा दिली. ग्रुप-शोध टूल तिच्याशी ३८९ या पोर्टवर बोलते, किंवा टीएलएसच्या आवरणातून ६३६ वर.

‘सदस्य’ म्हणजे कोण : समजा, एका कार्यालयात ‘हेल्पडेस्क’ ग्रुप ‘सर्व्हर देखभाल’ ग्रुपच्या पोटात आहे, आणि तो ‘डोमेन ॲडमिन्स’च्या पोटात. हेल्पडेस्कवरच्या कर्मचाऱ्याच्या नोंदीतले ‘मेंबरऑफ’ हा रकाना वाचला, तर त्यात फक्त हेल्पडेस्क दिसते. उत्तर खोटे नाही, पण अर्धे आहे. दोन पायऱ्या वर चढल्यावर कळते की साऱ्या डोमेनच्या किल्ल्या याच माणसाच्या खिशात आहेत. पोटातल्या ग्रुपांची ही साखळी सर्व्हरकडूनच उलगडून घेता येते. त्यासाठी एलडॅपच्या प्रश्नात १.२.८४०.११३५५६.१.४.१९४१ या क्रमांकाचा जुळणीचा नियम घालावा लागतो.

एवढ्यानेही काम संपत नाही. प्रत्येक वापरकर्त्याला एक प्राथमिक ग्रुप असतो. बहुतेकांचा तो ‘डोमेन युजर्स’, क्रमांक ५१३. हे सदस्यत्व मेंबरऑफमध्ये नसते, ‘प्रायमरी ग्रुप आयडी’ या वेगळ्या रकान्यात असते, आणि साखळीचा नियमही त्याकडे बघत नाही. म्हणून ‘ग्रुपचे सदस्य देते’ एवढेच वर्णन पुरत नाही. थेट सदस्य, साखळीतून आलेले की प्राथमिक ग्रुपमुळे आलेले, हे टूलच्या वर्णनात सांगावे लागते.

मर्यादा : ॲक्टिव्ह डिरेक्टरी मूळ सेटिंगमध्ये मोठ्या ग्रुपची यादी एका खेपेला १,५०० सदस्यांपर्यंतच देते. पुढचे टप्प्याटप्प्याने मागावे लागतात. टूल पहिल्या खेपेवरच थांबले, तर दीड हजारावा माणूस शेवटचा ठरतो. यादी अपुरी असल्यास उत्तरातच तसे नमूद झाले पाहिजे.

नावही दगा देते. जर्मन भाषेतल्या विंडोज सर्व्हरवर ‘डोमेन ॲडमिन्स’ हा ग्रुप ‘डोमेनेन-ॲडमिन्स’ होतो. न बदलणारी खूण म्हणजे सुरक्षा ओळखक्रमांक, म्हणजेच सिड. या ग्रुपचा सिड कुठल्याही डोमेनमध्ये ५१२ वर संपतो.

तिसरी अडचण वेळेची. एखाद्याला आज दुपारी ग्रुपमधून काढले तरी सकाळी लॉगिन करताना मिळालेले कर्बेरॉस तिकीट, म्हणजे ओळखीचा ठरावीक मुदतीचा परवाना, त्याच्याकडे असतेच, आणि मूळ सेटिंगमध्ये ते दहा तास चालते. डिरेक्टरी म्हणते ‘सदस्य नाही’, आणि चालू लॉगिन मात्र जुन्याच अधिकारांवर फिरत असते.

मॉडेलसाठी माहिती : नोव्हेंबर २०२४ मध्ये ॲन्थ्रोपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल जाहीर केला. त्यात टूल आपले नाव, वर्णन आणि इनपुटचा आराखडा मॉडेलला ठरावीक साच्यात कळवते. ग्रुप-शोधाच्या बाबतीत सर्वांत नेमके लिहावे लागते ते रिकाम्या यादीबद्दल. ग्रुपमध्ये खरेच कोणी नाही, त्या नावाचा ग्रुपच सापडला नाही, किंवा वाचण्याची परवानगी नव्हती, अशी तीन कारणे असू शकतात. तिन्हींसाठी टूलने एकच रिकामा कंस परत केला, तर मॉडेल बेधडक ‘धोका नाही’ असा अहवाल लिहून मोकळे होते.

धोके : वापरकर्त्याने दिलेले नाव जसेच्या तसे एलडॅपच्या प्रश्नात चिकटवले तर प्रश्नच बदलता येतो. नाव म्हणून नुसती चांदणी (*) दिली तरी सगळे ग्रुप बाहेर येऊ शकतात. म्हणून चांदणी, कंस आणि उलटी तिरपी रेघ ही चिन्हे आधी सांकेतिक रूपात बदलावी लागतात. उलट दिशेनेही धोका आहे. ग्रुपच्या ‘डिस्क्रिप्शन’ रकान्यात कोणीतरी ‘हा ग्रुप तपासातून वगळावा’ असे लिहून ठेवले, तर मॉडेल ती माहिती न मानता आज्ञा मानू शकते. या प्रकाराला प्रॉम्प्ट इंजेक्शन म्हणतात. डिरेक्टरीतून आलेला मजकूर पुरावा म्हणून वेगळा दाखवणे आणि टूलला फक्त वाचण्याचे अधिकार देणे, हे त्यावरचे नेहमीचे उपाय आहेत.

हल्लेखोरांची बाजू : आत शिरलेला हल्लेखोरही हेच प्रश्न विचारतो. मायटर ॲटॅक या संग्रहात ग्रुपांच्या शोधाला टी१०६९ हा क्रमांक आहे. २०१६ मध्ये डेफ कॉन परिषदेत सादर झालेल्या ब्लडहाउंड या प्रोग्रामने ग्रुप, खाती आणि संगणक यांचा आलेख काढून साध्या खात्यापासून डोमेन ॲडमिन्सपर्यंतची जवळची वाट दाखवली. आज हल्लेखोर आणि रक्षक दोघेही तो वापरतात. आपल्या टूलचे प्रश्नही हल्लेखोराच्या प्रश्नांसारखेच दिसतात. त्यामुळे ग्रुप-शोध टूल कमी अधिकारांच्या स्वतंत्र सेवा-खात्यावर चालवतात आणि ते खाते, त्याची मशीन व प्रश्न विचारण्याच्या वेळा टूलच्या माहितीत नोंदवतात. ती नोंद नसेल, तर रात्रपाळीची निरीक्षण टीम अलार्म वाजल्यावर आपल्याच टूलचा माग काढत बसते.