परदेशातून रिमोट काम करताय? आरोग्य विमा असा निवडा

लॅपटॉप आणि नेट असलं की जुन्नरचं पोरगं बँकॉकमध्ये बसूनही काम करू शकतं. पण तिथे आजारी पडलं तर बिल कोण भरणार? घरच्यांना जमीन गहाण ठेवायची वेळ येऊ नये, म्हणून निघण्याआधीच हे बघा.

१. भारतातली पॉलिसी: बहुतेक पॉलिसी भारतातल्याच उपचारांचा खर्च देतात. महात्मा फुले योजनेचं ५ लाखांचं कवचही परदेशात चालत नाही.

२. ट्रॅव्हल इन्शुरन्स: हा सहलीसाठी असतो, अपघात किंवा अचानक आलेल्या आजारापुरता. शेंजेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतं. पण तेवढ्यावर शुगरच्या नेहमीच्या तपासण्या सहसा होत नाहीत.

३. इंटरनॅशनल हेल्थ इन्शुरन्स: महिनोन्‌महिने राहणार असाल तर मी हाच घ्यायला सांगतो. अमेरिका वगळली की हप्ता बराच कमी होतो.

पैसे भरण्याआधी पॉलिसीची पीडीएफ मोबाईलवर उघडा आणि हे इंग्रजी शब्द सर्च करा:

• प्री-एक्झिस्टिंग: आधीपासूनचे आजार धरलेत का?
• डिडक्टिबल: ५०० डॉलर असेल, तर पहिले ५०० तुमच्या खिशातून.
• होम कंट्री: सुट्टीत गावी आल्यावर कव्हर चालू राहतं का?
• मोटरसायकल: लायसन्स नसताना स्कूटर चालवली, तर क्लेम नाकारला जाऊ शकतो.

आणि हो, भारतातली पॉलिसी बंद करू नका. परत आल्यावर नवी घेतली, तर जुन्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं.