सीमाप्रांतातील दुर्ग, शिबंदी आणि केंद्रसत्ता : वऱ्हाडातील गाविलगड व नरनाळा

प्रस्तावना :

सीमाप्रांतातील किल्ला हा परकीय आक्रमणाला अडविण्यासाठी बांधला जातो, असे सामान्यतः मानले जाते. परंतु जगातील अनेक सीमाप्रांतांचा इतिहास पाहता किल्ल्याला आणखी एक बाजू असल्याचे दिसून येते. सीमेवर बलवान दुर्ग व मोठे सैन्य ठेवल्याशिवाय केंद्रसत्तेचे भागत नाही आणि असे सैन्य ज्याच्या हाती दिले तो अधिकारी केंद्राला जुमानीलच याची शाश्वती नसते. अमरावती जिल्ह्यातील गाविलगड आणि अकोला जिल्ह्यातील नरनाळा या सातपुड्याच्या कडेवरील दोन दुर्गांच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रोमन सीमाप्रांताचे उदाहरण :

तुलनेसाठी रोमन साम्राज्याच्या ब्रिटन या सीमाप्रांताकडे पाहता येईल. सम्राट हेड्रियन याच्या आज्ञेने इ. स. १२२ पासून तेथे सुमारे ११७ किलोमीटर लांबीची भिंत उभारण्यात आली. या भिंतीलगतच्या, परंतु तिच्यापेक्षा जुन्या, विंदोलांदा या ठाण्यात १९७३ पासून लाकडी पातळ फळ्यांवर शाईने लिहिलेला मजकूर सापडत गेला. त्यात सैनिकाला पाठविलेल्या पायमोज्यांचा उल्लेख आहे आणि एका अधिकाऱ्याच्या पत्नीने दुसरीला दिलेले वाढदिवसाचे निमंत्रणही आहे. पहिल्या शतकाच्या अखेरच्या एका हजेरीपत्रकात ७५२ सैनिकांच्या पथकापैकी ४५६ जण ठाण्याबाहेर असल्याची नोंद आहे. उरलेल्या २९६ पैकी ३१ आजारी, जखमी किंवा डोळ्यांच्या विकाराने त्रस्त होते. म्हणजेच सीमेवरील सैन्य कागदावर किती आणि प्रत्यक्षात किती, याचा हिशेब ठेवणे ही रोमन प्रशासनाची नित्याची बाब होती. असे असूनही ब्रिटनमधील सेनेच्या बळावर इ. स. ३८३ मध्ये मॅग्नस मॅक्सिमस व इ. स. ४०७ मध्ये तिसरा कॉन्स्टंटाइन यांनी सम्राटपदावर हक्क सांगितला. ज्या सैन्याने सीमा राखायची, तेच सैन्य गॉलकडे वळले.

बहमनी राज्याची उत्तर सीमा :

वऱ्हाड हा बहमनी राज्याच्या चार मूळ तर्फांपैकी एक होय. त्याच्या उत्तरेस खेरळ्याचे राज्य आणि त्यापलीकडे माळव्याची सल्तनत होती. सुलतान अहमदशहा वली याने १४२५ च्या सुमारास एलिचपूर येथे मुक्काम करून गाविलगड बांधला व नरनाळ्याची दुरुस्ती केली, असे फिरिश्ता सांगतो. गाविलगड हे नाव गवळी समाजाशी जोडले जाते, त्यावरून तेथे पूर्वीपासून वस्ती वा कच्ची तटबंदी असावी असे अनुमान केले जाते. दोन्ही स्थळांची निवड लक्षणीय आहे. येथून पूर्णा खोऱ्यातील सुपीक सपाटी नजरेखाली राहते व मेळघाटातून उतरणाऱ्या वाटांवर ताबा ठेवता येतो.

या दुर्गांतील शिपायाची विंदोलांदासारखी पत्रे उपलब्ध नाहीत. त्याचे जीवन वास्तूंवरूनच वाचावे लागते. गाविलगडावरील देव तलाव व मच्छी तलाव आणि नरनाळ्यावरील अनेक टाकी-तलाव पाहता, डोंगरमाथ्यावर बारमाही पाणी साठविणे ही शिबंदीची पहिली गरज होती हे उघड होते. नरनाळ्याच्या महाकाली दरवाज्यालगत पहारेकऱ्यांसाठी खोल्या आहेत. याच दरवाज्यावर कोरीव सज्जे व फारसी लेख आहेत. पहाऱ्याची जागा आणि सत्तेच्या प्रदर्शनाची जागा येथे एकच आहे.

महमूद गावानच्या सुधारणा :

सीमेवरील अधिकारी डोईजड होण्याचा धोका वजीर महमूद गावान याने ओळखला होता. त्याने चार तर्फांचे आठ भाग केले, त्यात वऱ्हाडाचे गाविल व माहूर असे दोन भाग झाले. तर्फदाराकडे एकच किल्ला ठेवून उर्वरित किल्ल्यांवर सुलतानाने नेमलेले किल्लेदार बसविण्यात आले. ५०० स्वारांच्या सरदाराचा वार्षिक तनखा एक लाखावरून सव्वा लाख होन करण्यात आला. मात्र हजेरीत एक स्वार जरी कमी आढळला तरी त्या प्रमाणात रक्कम कापली जाई. रोमन हजेरीपत्रक व गावानची ही कपात यांमागील चिंता एकच होती. सैन्याचा पैसा सैन्यावर खर्च होतो की सरदाराच्या वैयक्तिक सामर्थ्यात भर घालतो, हे केंद्राला जाणून घ्यायचे होते.

१४८१ मध्ये गावानला देहदंड देण्यात आला आणि ही व्यवस्था कोलमडली. त्यानंतरच्या बांधकामांचा क्रम बोलका आहे. वऱ्हाडचा तर्फदार फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याने १४८७ मध्ये नरनाळ्याचा महाकाली दरवाजा व १४८८ मध्ये गाविलगडाचा फतेह दरवाजा उभारला. महाकाली दरवाज्यावरील लेखात बहमनी सुलतान महमूदशहाचे नाव आदराने कोरलेले आहे. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत, १४९० मध्ये, फतहुल्ला स्वतंत्र झाला व इमादशाही अस्तित्वात आली. सुलतानाच्या नावाने बळकट झालेली तटबंदी सुलतानाच्याच विरोधात उपयोगी पडली.

हाच प्रकार पुढे इमादशाहीच्या वाट्याला आला. सरदार तुफालखान याने बुर्‍हाण इमादशहाला नरनाळ्यावर कैदेत ठेवून सत्ता चालविली. ज्या दुर्गाने राज्य राखायचे, तोच राजाचा तुरुंग झाला. १५७४ मध्ये मुर्तजा निजामशहाने नरनाळा व गाविलगड घेऊन हे राज्य संपविले. गाविलगडावरील १५७७ चा बहराम बुरूज निजामशाही काळातील आहे. १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांना देण्यात आला, तरी हे दोन्ही किल्ले त्यांच्या हाती येण्यास १५९८ साल उजाडले. तहाने मिळालेला प्रांत किल्ले हाती आल्यावाचून पुरता मिळत नव्हता.

१८०३ : निष्ठा आणि एकाकीपण :

भोसलेकालीन अनुभव वेगळा आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगाव येथे भोसल्यांच्या सैन्याचा पराभव झाला व त्यातील काही पायदळ गाविलगडात शिरले. कर्नल स्टीव्हन्सनने डोंगरातून वाट काढीत जड तोफा किल्ल्याच्या उत्तरेस लबाडा येथे नेल्या, तर आर्थर वेलस्ली दक्षिणेस राहिला. १५ डिसेंबरला उत्तरेकडील तटास पडलेल्या खिंडारातून इंग्रज सेना आत शिरली आणि आतील तट शिड्या लावून ओलांडला गेला. किल्लेदार बेनीसिंह लढता लढता मारला गेला. त्याच्या निष्ठेविषयी शंका नाही. परंतु अडगावनंतर त्याच्या मदतीस येईल असे सैन्य मैदानात उरले नव्हते. १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, सीमादुर्गाचे सामर्थ्य तटाच्या उंचीवर जितके अवलंबून असते तितकेच ते केंद्राशी असलेल्या त्याच्या नात्यावर अवलंबून असते. केंद्र दुबळे झाले की महत्त्वाकांक्षी किल्लेदार स्वतंत्र होतो आणि निष्ठावंत किल्लेदार एकाकी पडतो. १४९० व १८०३ या घटना एकाच कारणाची दोन फळे आहेत.

आज दोन्ही किल्ले मेळघाटच्या वनप्रदेशात आहेत. ऊन, पाऊस व झाडांची मुळे यांमुळे शिलालेख आणि पहारेकऱ्यांच्या खोल्या झिजत आहेत. रोमन शिपायाची पत्रे ओल्या मातीने जपली, वऱ्हाडातील शिपायाच्या खुणा उघड्यावर आहेत. अमरावती व अकोला येथील महाविद्यालयांतील इतिहास, फारसी व भूगोल विभागांनी एकत्र येऊन तलाव, दरवाजे व लेख यांची पद्धतशीर मोजणी आणि वाचन हाती घेणे अगत्याचे आहे. राजे व सरदार यांची नावे ग्रंथांत सुरक्षित आहेत. शिपायाची साक्ष मात्र या दगडांखेरीज अन्यत्र फारशी उरलेली नाही.