कॅबिनेटला झिणझिण्या का येतात?

संगणकाच्या कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या आल्या, की दोष मदरबोर्डला दिला जातो. तो बहुधा भिंतीतील सॉकेटचा असतो. मदरबोर्ड पितळी स्टडवर आणि एसएमपीएस स्क्रूने कॅबिनेटच्या पत्र्यावर बसवलेला असतो. पत्र्याचा जमिनीशी संपर्क तीनपिनी प्लगच्या जाड पिनेतून होतो. हे अर्थिंग तुटल्यास एसएमपीएसच्या फिल्टरमधील कपॅसिटरमुळे पत्र्यावर सुमारे ११५ व्होल्ट, म्हणजे पुरवठ्याच्या निम्मा दाब येतो. त्यातून वाहणारा प्रवाह अल्प असतो. मात्र आतील इन्सुलेशन निकामी झाल्यास पूर्ण २३० व्होल्ट पत्र्यावर येतात आणि फ्यूजही उडत नाही. छत्रपती संभाजीनगरखाली बसाल्टचा खडक आहे. उन्हाळ्यात ओल आटली, की अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध वाढतो. कोळसा-मिठाच्या त्या खड्ड्यात तेव्हा पाणी घालावे लागते. सोसायटीत हे काम कोणाचे, हे बहुधा ठरलेलेच नसते.