खाचेवरची पट्टी

सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेला एक चौकोनी खाच असायची. खाच उघडी असली की फ्लॉपीवर लिहिता येई, आणि तिच्यावर पट्टी चिकटवली की फक्त वाचता येई. नव्या फ्लॉप्यांच्या डब्यात अशा चिकटपट्ट्यांचा एक छोटासा कागद यायचा. लोक तो डब्यातच विसरत. १९९५ साली इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात लागले, तेव्हा दुकानाच्या काकांनी मला पहिलं काम दिलं ते या पट्ट्या जमवण्याचं. "ज्या फ्लॉपीनं मशीन साफ करायचं, तिची खाच आधी बंद. नाहीतर औषधाची बाटलीच उष्टी होते," असं ते म्हणाले. तीस वर्षं हाच धंदा करतेय आणि अजून मला त्या खाचेइतकी शहाणी दुसरी सोय सापडलेली नाही.

आमच्या दुकानाच्या आसपास सगळी डीटीपीवाल्यांची वस्ती. कोणी वाड्यातल्या एका खोलीत अक्षरजुळणी करायचं, कोणी पॉझिटिव्ह काढायचं आणि छापखाना तिसऱ्याच पेठेत. मजकूर या तिन्ही ठिकाणी फिरायचा तो शर्टाच्या खिशातल्या फ्लॉपीवरून. व्हायरसही त्याच खिशातून फिरायचा. पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस, 'ब्रेन', १९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी लिहिला. त्यात त्यांनी स्वतःची नावं, पत्ता, फोन नंबरसुद्धा घातले होते. तो फक्त ३६० केबीच्या फ्लॉप्यांना धरायचा, हार्ड डिस्कला हात लावत नसे. त्याच्या मागून आलेल्यांनी ती मर्यादा पाळली नाही.

हे बूट सेक्टरचे व्हायरस कसे लागत, ते आजच्या मुलांना सांगावं लागतं. रात्री घरी जाताना फ्लॉपी ड्राइव्हमध्येच राहिली. सकाळी मशीन चालू केलं की ते आधी त्या फ्लॉपीचा पहिला सेक्टर वाचणार आणि मग पडद्यावर 'नॉन-सिस्टम डिस्क' अशी तक्रार उमटणार. माणूस फ्लॉपी काढून कुठलंतरी बटण दाबायचा आणि कामाला लागायचा. पण तोवर व्हायरस हार्ड डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये जाऊन बसलेला असे. त्यानंतर त्या मशीनमध्ये घातलेली, खाच उघडी असलेली प्रत्येक फ्लॉपी बाधित. ६ मार्चला डिस्क पुसणाऱ्या 'मायकेलअँजेलो'नं १९९२ मध्ये जगभर धास्ती घातली, तो याच जातीचा.

साफ करायची रीत काकांनी मला हाताला धरून शिकवली. मशीन नुसतं रिस्टार्ट करायचं नाही, वीजच बंद करायची, कारण व्हायरस मेमरीत जिवंत असतो. पट्टी लावलेल्या स्वच्छ फ्लॉपीवरून मशीन उठवायचं, स्कॅनर फिरवायचा, 'एफडिस्क' घेऊन पहिला सेक्टर नव्यानं लिहायचा. आणि मग, काका दरवेळी बोट वर करून सांगत, गिऱ्हाइकाच्या सगळ्या फ्लॉप्या मागवायच्या. सगळ्या म्हणजे सगळ्या, टेबलाच्या खणातल्या, मुलाच्या खेळाच्या, गावाला नेलेल्या. एक जरी राहिली तरी आठवड्यात मशीन परत दारात.

याच शहरात, मंगळवार पेठेत, कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं दुकान चालवणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमधला हाच रोग पाहिला आणि त्यावर स्वतःचं औषध लिहिलं. कैलासराव मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे, शाळा दहावीपर्यंत. त्यांचं 'क्विक हील' नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आलं आणि २०१६ साली कंपनी शेअर बाजारात गेली. माझ्यासारखीला याचा अभिमान वाटतो, कारण ते औषध दुरुस्तीच्या टेबलावर जन्माला आलं.

२६ एप्रिल १९९९, सोमवार. त्या दिवशी दुकानातला फोन खाली ठेवायला मिळाला नाही. तैवानच्या चेन इंग-हाउ या विद्यार्थ्यानं लिहिलेला 'सीआयएच' त्या तारखेला जागा झाला होता. तो डिस्कची सुरुवातीची जागा पुसायचा आणि काही मशीनमध्ये मदरबोर्डवरची बायोसची चिपही कोरी करायचा. मग पडदा काळाच. आम्ही तसाच दुसरा चालू बोर्ड शोधायचो, तो सुरू करायचो, वीज चालू असतानाच चांगली चिप अलगद उपसून कोरी बसवायचो आणि तिच्यावर बायोस पुन्हा लिहायचो. माझ्या हाताला घाम सुटायचा. त्या आठवड्यात तीन चिपा वाचल्या, एक जळली.

पुढे पेनड्राइव्ह आले आणि खाच गेली. काही मोजक्यांना कडेला सरकपट्टी असे, बाकी सगळे कायम उघडे. भरीला विंडोज स्वतःहून 'ऑटोरन' नावाची फाइल वाचायची. ती वर्षं आमच्या धंद्याला बरकतीची होती, पण मला ती आठवतात ती लोकांच्या चेहऱ्यांवरून. २००९ च्या दिवाळीआधी एक अक्षरजुळणी करणारे गृहस्थ बाहेरची हार्ड डिस्क रुमालात गुंडाळून घेऊन आले. मशीनवर त्यांनी दुसरीकडून दोनदा विंडोज टाकून घेतलं होतं आणि दोन्ही वेळा घरी जाऊन बॅकअपची हीच डिस्क जोडली होती. "ताई, माझा अंक गेला का?" एवढंच विचारलं.

मी डिस्क उघडली. फोल्डर जागेवर दिसत होते, पण प्रत्येकासमोर आकाराचा आकडा होता आणि सगळ्यांसमोर एकच. खऱ्या फोल्डरसमोर आकार दाखवला जात नाही. हे फोल्डरचं चित्र लावलेले प्रोग्रॅम होते, खरे फोल्डर लपवून त्यांच्या नावानं बसलेले. "काका, काही गेलेलं नाही. झाकलंय फक्त," मी म्हटलं, आणि ते स्टुलावर बसले.

तेव्हा विंडोजऐवजी चालणाऱ्या उबुंटूची सीडी टपालानं फुकट यायची. इंटरनेटची वायर काढली, मशीन पूर्ण बंद केलं आणि त्या सीडीवरून उठवलं. विंडोजचा व्हायरस तिथे मुका. सीडीवर कोणाला लिहिता येत नाही, म्हणजे खाचेवरची पट्टीच ती. लपवलेले फोल्डर लगेच दिसले. तिसऱ्या, कोऱ्या डिस्कवर मी फक्त पेजमेकरच्या फाइली, चित्रं आणि फॉन्ट उतरवले. फॉन्ट विसरून चालत नाही. ते नसतील तर मराठी मजकुराची नुसती चिन्हं होतात. एकही प्रोग्रॅम घेतला नाही. मग मशीन आणि जुनी डिस्क, दोन्ही एकाच बैठकीत पुसली. शेवटी दोन्ही डिस्कवर 'ऑटोरन'च्या नावाचा एक रिकामा फोल्डर करून ठेवला, म्हणजे त्या नावाची फाइल पुन्हा सहज बनू नये. पहाटेचे तीन वाजले होते. अंक वसुबारसेला निघाला.

मायक्रोसॉफ्टनं जुन्या विंडोजमधलं पेनड्राइव्हचं हे ऑटोरन फेब्रुवारी २०११ च्या अपडेटनं बंद केलं. उशीर झाला होता. 'कॉन्फिकर' २००८ पासून त्याच दारानं फिरत होता.

त्यानंतर आलेल्या रॅन्समवेअरपुढे मात्र मी हात टेकले. २०१३ च्या 'क्रिप्टोलॉकर'पासून हे प्रोग्रॅम जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलींनाही कुलूप घालू लागले. १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' पसरला, पुढच्याच महिन्यात 'नॉटपेट्या'नं न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प केलं. त्याच वर्षी एका छोट्या छापखान्याचं मशीन माझ्याकडे आलं. त्यांची बॅकअपची डिस्क दिवसरात्र जोडलेलीच असायची. व्हायरस मी अर्ध्या तासात काढला. फाइली आल्या नाहीत. अकरा वर्षांच्या लग्नपत्रिका, स्मरणिका, गावच्या देवस्थानाचे अहवाल. मालक दादा कितीतरी वेळ माउस हातात धरून बसले होते.

आता मी प्रत्येकाला दोन डिस्क घ्यायला लावते आणि एकीची केबल काढून कपाटात ठेवायला सांगते. लोक कंटाळा करतात. अंकवाले काका करत नाहीत. दरवर्षी अंक छापायला गेला की ते रुमालात गुंडाळून डिस्क आणतात, मी आधी ती तपासते, मग दुसरीवर प्रत काढते. ती दुसरी माझ्या कपाटात असते. तिच्यावर मी त्या जुन्या कागदातली एक काळी चिकटपट्टी लावली आहे.